हाताचा गुण आणि उद्याचं भाकीत

माझी मावशी निवृत्त नर्स आहे. आधी उपकेंद्रात, मग तालुक्याच्या रुग्णालयात तिची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर ती रेकी शिकली. खामगावच्या तिच्या घरी दुपारी माणसं येतात, ती त्यांच्या डोक्यावर, पाठीवर, पोटावर हात ठेवते आणि एक रुपया घेत नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भेंडवळच्या घटातून पावसापाण्याचं काय भाकीत निघालं याची तिला दुसऱ्या दिवशी सकाळपासून उत्सुकता असते. माणसाला पुढे चांगले दिवस येणार आहेत, यावर तिचा पक्का विश्वास आहे. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. रेकीवर आणि भाकितावर माझा विश्वास नाही. तापमानाचे आणि भूजलाचे आकडे वाचून पुढच्या दिवसांबद्दल मला फारशी उमेदही वाटत नाही. आमचा हा वाद जुना आहे आणि तो नेहमी जेवणाच्या ताटावर अर्धवट राहतो. या खेपेला एकमेकींना पूर्ण बोलू द्यायचं ठरवलं. तेच बोलणं थोडं सावरून इथे देते आहे.

मी: हातापासूनच सुरुवात करू. तू हात ठेवतेस तेव्हा नेमकं काय होतं असं तुला वाटतं?

मावशी: माणूस सैल पडतो. परवा एक बाई आली होती, केमो चालू आहे तिची. खुर्चीत बसली तेव्हा खांदे कानाला लागलेले, पदर मुठीत घट्ट धरलेला. मी खांद्यांवर हात ठेवले, बोलले काहीच नाही. हळूहळू खांदे खाली आले. श्वास लांब झाला. मूठ सुटली. मग रडली. जाताना म्हणाली, आज चार घास पोटात राहतील असं वाटतंय. आता हे खोटं म्हणशील?

मी: अजिबात नाही. तिला बरं वाटलं, हे खरंच. माझा प्रश्न पुढचा आहे. तुमच्या शिकवणीत सांगतात की विश्वातली शक्ती गुरूच्या दीक्षेने उघडते आणि हातातून वाहते. जपानात मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास ही पद्धत सुरू केली तेव्हापासून दावा हाच आहे. तशी काही शक्ती वाहत असेल तर ती हाताला कळायला हवी. अमेरिकेत तुझ्याच पेशातल्या नर्स ‘उपचारक स्पर्श’ नावाची अशीच पद्धत वापरत. अंगापासून थोडं वर हात फिरवायचा, रुग्णाभोवतीचं ऊर्जाक्षेत्र चाचपायचं. कोलोराडोतल्या एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याची परीक्षा घेतली. मध्ये पुठ्ठ्याचा आडपडदा, खाली दोन भोकं. उपचार करणाऱ्याने दोन्ही हात त्यातून पलीकडे काढायचे, तळवे वर. पलीकडे ही मुलगी नाणं उडवणार आणि त्याप्रमाणे त्यांच्या एका हातावर, न टेकवता, आपला हात धरणार. कुठल्या हातावर आहे तेवढं सांगायचं. २१ जणांनी मिळून २८० वेळा सांगितलं. १२३ वेळा बरोबर आलं. म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून काहीही सांगितलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ साली हा प्रयोग अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आला.

मावशी: चांगला प्रयोग केला पोरीने. पुठ्ठ्याआडून मलाही ओळखता येणार नाही, लिहून देते. पण मी पुठ्ठ्याआड बसते का? माझ्यासमोर माणूस असतो. त्याच्या घरी कोण आहे, रात्री झोप लागते का, लेक फोन करते का, हे मला ठाऊक असतं. अगं, वॉर्डात रात्रपाळीला चाळीस खाटा आणि आम्ही दोघी. माणसाला हात लागायचा तो बीपीचा पट्टा बांधायला, नाहीतर सलाईनची शीर शोधायला. सगळी नोकरी मी हात लावला तो टोचायला, नाहीतर रक्त काढायला. आता नुसता ठेवते. ती शक्ती विश्वातून येते, माझ्यातून येते की येतच नाही, याचा मी आता फार विचार करत नाही.

मी: हे मला पटतं, आणि त्याला आधारही आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एमआरआयच्या यंत्रात निजवायचं आणि घोट्याला हलका शॉक बसण्याची शक्यता आहे अशी खूण दाखवायची. एकदा हात कुणीच धरलेला नाही, एकदा परक्या माणसाने, एकदा नवऱ्याने. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सर्वांत कमी होती. परक्याच्या हातानेही थोडा फरक पडलाच.

मावशी: मग भांडण कशाचं?

मी: हातानंतर जे बोललं जातं त्याचं. दम्याच्या रुग्णांवरचा २०११ सालचा एक प्रयोग आहे. त्याच रुग्णांना आळीपाळीने खऱ्या औषधाचा पंप, औषध नसलेला पंप, ॲक्युपंक्चरचं नुसतं सोंग, आणि कधी काहीच नाही. बरं वाटलं का, असं विचारलं तर खऱ्या पंपाने ५० टक्के सुधारणा सांगितली, खोट्या पंपाने ४५, खोट्या सुयांनी ४६, आणि काहीच न करता २१. म्हणजे खऱ्याखोट्यात जवळजवळ फरक नाही. मग फुफ्फुसातून जोराने किती हवा बाहेर पडते ते मोजलं. खऱ्या औषधाने २० टक्के वाढ. बाकी तिन्ही सातच्या आसपास. आतली नळी आवळलेलीच राहिली आणि माणूस म्हणत होता, मोकळं वाटतंय. मला याची भीती वाटते. दम्याचा झटका माणसाच्या वाटण्यावर थांबत नाही.

मावशी: मी कुणाला पंप बंद करायला सांगितलं नाही. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्याला मी फाईल आणायला सांगते. गोळ्या कुठल्या, तपासणी कधीची, ते बघते. नर्स आहे मी.

मी: तू तसं सांगत नाहीस. पण तुझ्यामुळे अशा उपचारांना जी इभ्रत मिळते, तिच्या आधाराने दुसरे उभे राहतात. आपल्या नात्यातली ती वहिनी आठव. छातीत गाठ लागली दिवाळीत. एका उपचार करणाऱ्याने सांगितलं, चक्र अडलंय, मोकळं करतो, सुरी लावू नका. आखाजीपर्यंत ती त्याच्याकडे जात होती. गाठ फुटली तेव्हा दवाखान्यात नेली.

मावशी काही वेळ बोलली नाही. त्या वहिनीची मलमपट्टी शेवटी तिनेच केली होती. मी पुढचे आकडे सांगितले, कारण ते सांगायलाच हवे होते. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली बऱ्या होण्याजोग्या कर्करोगाच्या २८१ रुग्णांचा अभ्यास मांडला. या लोकांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मृत्यूची जोखीम अडीचपट निघाली. स्तनाच्या कर्करोगात ती साडेपाचपटींहून जास्त होती. यातल्या बऱ्याच जणींना त्या काळात कुणी ना कुणी छान बोललं असेल, डोक्यावर हातही ठेवला असेल.

मावशी: तुझं खरं आहे. आता माझं ऐक. ती वहिनी त्याच्याकडे का गेली? आधी डॉक्टरकडेच गेली होती ती. त्याने मान वर करून पाहिलं नाही. कागदावर चार चाचण्या लिहिल्या आणि पुढचा नंबर पुकारला. चाचण्या अकोल्याला, गाडीभाडं वेगळं, नवरा म्हणाला कापूस विकल्यावर बघू. आणि हा बाबा तिच्यासमोर तासभर बसला. तिच्या सासूचं ऐकून घेतलं. तुम्ही त्या बाबाला कायद्याने पकडता. त्या डॉक्टरने मान वर करावी म्हणून कुठला कायदा आहे?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याचं वजन मला कमी करायचं नाही. पण कायद्याबद्दल मला वाटतं ते मी बोलले. १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा कर्करोगासारखे आजार मंत्रातंत्राने बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी घालतो. महाराष्ट्रातला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्याच्या पुढे जातो. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं आणि बोटांनी शस्त्रक्रिया करतो असा दावा करणं, हे त्यात गुन्हे आहेत. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्या डिसेंबरात कायदा मंजूर झाला. श्रद्धेने कुणी हात ठेवत असेल तर हा कायदा त्याला अडवत नाही. फसवणुकीला आणि अघोरीपणाला अडवतो. ही रेघ मला योग्य वाटते, आणि मावशीनेही ती मान्य केली.

मावशी: चल, आता घटाकडे ये. तू एकदाही तिथे आली नाहीस आणि नाव मात्र ठेवतेस.

मी: तू सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

मावशी: जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ. आखाजीला संध्याकाळी गावाबाहेरच्या वावरात घट मांडतात. साडेतीनशे वर्षांची चाल म्हणतात. मातीचा गोल, त्याच्या कडेने अठरा धान्यं: गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, सगळं. मधोमध खड्डा. त्यात चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यावर पाण्याने भरलेली घागर. घागरीवर पापड, भजं, वडा, कुरडई, करंजी. विड्याचं पान आणि सुपारी, ती राजाची. रात्रभर तिथे कुणी फिरकत नाही. पहाटे बघतात. कुठलं धान्य जागेवरून हललं, कुठल्या ढेकळाला किती ओल आली, सुपारी हलली का. त्यावरून पाऊस, पिकं, रोगराई, राज्यकारभार. अगं, उजाडायच्या आधी त्या वावरात हजारो माणसं उकिडवी बसलेली असतात. सगळ्यांचे कान एकाच माणसाच्या तोंडाकडे. जूनचा पाऊस कमी, जुलैचा बरा. एवढं ऐकलं की म्हातारी माणसं गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि आपापल्या गाडीकडे जातात.

मी: आणि त्यावर पेरणी करतात?

मावशी: कोण करतं? पेरणी ओल बघूनच करतात. हवामान खात्याचं ऐकतात, दुकानदाराचं ऐकतात, घटाचंही ऐकतात. तुला वाटतं तेवढा शेतकरी भोळा नाही. वर्षभराचा जुगार खेळायचा असतो त्याला. त्या पहाटे त्याला आधार मिळतो की आपण एकटे नाही, एवढे सगळे याच चिंतेत आहेत.

हे तिचं सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. भाकितावर टीका करणारे आम्ही लोक बहुधा असं धरून चालतो की ऐकणारा ते जसंच्या तसं गिळतो. कोकणात देवाच्या अंगावर पाकळ्या लावून कौल घेणारा माणूसही उजवा कौल मिळाला म्हणून वकिलाकडे जायचं थांबत नाही. तरीही दावा दावाच असतो, आणि तो तपासायला काय हरकत आहे, हा माझा प्रश्न उरतोच.

मी: जयंत नारळीकरांनी २००८ साली पुण्यात पत्रिकांची परीक्षा घेतली ती तुला ठाऊक आहे. शंभर हुशार मुलं आणि शंभर गतिमंद मुलं, त्यांच्या जन्मवेळा जमवल्या, पत्रिका केल्या. ज्योतिषांना चाळीस-चाळीस पत्रिका पाठवल्या आणि विचारलं, यातली हुशार कुठली, गतिमंद कुठली. २७ जणांनी उत्तरं दिली. सरासरी ४६ टक्के बरोबर. सगळ्यांत चांगल्याचे चाळीसपैकी चोवीस. तसंच घटाचं करता येईल. भाकीत आखाजीला छापून येतंच. ते आधीच लिहून ठेवायचं आणि दिवाळीला पावसाच्या आकड्यांशी ताडून बघायचं.

मावशी: कर की. मला भीती नाही. खोटी भाकितं मी पाहिलीत. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही झाली, आठ ग्रह मकरेत एकत्र. जग बुडणार म्हणत होते. आम्ही लहान होतो. गावोगाव होम पेटलेले, तुपाचा वास, आणि माझी आजी आम्हा सगळ्यांना एका खोलीत घेऊन झोपलेली. सकाळी उठलो तर म्हैस दारात हंबरत होती. कुणी कुणाला विचारलं नाही की बाबा, ते बुडणं कुठे गेलं.

मी: हेच ना! कुणी विचारत नाही. खरी ठरलेली चार भाकितं लोक आठवतात, फसलेली चाळीस विसरतात.

मावशी: आणि तुमचे शिकलेले? त्यांची फसलेली कोण आठवतं?

तिने हे सहज विचारलं असेल, पण घाव बरोबर बसला. १९६७ साली विल्यम आणि पॉल पॅडॉक या दोघा अमेरिकन भावांनी ‘फॅमिन १९७५!’ नावाचं पुस्तक लिहिलं. लढाईत जखमींची वर्गवारी करतात तशी त्यांनी देशांची केली. कुणाला धान्य पाठवून उपयोग आहे आणि कुणाला नाही. भारत त्यांच्या लेखी वाचवण्यापलीकडचा होता. पुढच्याच वर्षी पॉल अर्लिक यांचं ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ आलं. सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसं भुकेने मरतील, असं त्यात होतं. हे लोक ज्योतिषी नव्हते. आकड्यांनिशी बोलत होते. मी मावशीला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला.

मावशी: वाचवण्यापलीकडचे म्हणाले आम्हाला? १९७२ ला मी दहावीच्या वर्गात होते. पाऊस आलाच नाही. त्याच्या आधीचं वर्षही कोरडंच. बाबा आणि काका खडी फोडायला जायचे, तुझी आई नि मी शाळा सुटल्यावर डबा घेऊन. माळावर नजर जाईल तिथवर माणसं. बायका डोक्यावर लुगड्याचा पदर घेऊन दगड फोडत बसलेल्या, पोरं सावलीला बांधलेल्या झोळीत. हातोडीचा आवाज दिवसभर. मुकादम आठवड्याला मोजमाप घ्यायचा आणि पगार व्हायचा, कधी उशिराने व्हायचा, त्यावरून भांडणं व्हायची. शाळेत सुकडी मिळायची. घरी परदेशची लाल मिलो, तिची भाकरी तुटायची नाही. ढोरं मेली, बैल विकले, बाबा पार वाळून गेले. पण मेलो नाही आम्ही.

मी: १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. त्याच अनुभवातून रोजगार हमी कायद्याने आली. वि. स. पागे यांची ती कल्पना १९७७ मध्ये कायदा झाली. मागेल त्याला काम.

मावशी: मग कुणाचं भाकीत खरं झालं?

मी: कुणाचंच नाही. माझं म्हणणं तेच आहे, मावशी. पुढचं ठरलेलं आहे असं कुणी सांगितलं, मग तो घटवाला असो की अमेरिकेतला पंडित, तर माणसाच्या हाती काही उरत नाही. चांगलं ठरलंय म्हटलं तर वाट बघायची, वाईट ठरलंय म्हटलं तर रडायचं. आशा बाळगायला पुढचं अजून ठरायचं असावं लागतं. दुसऱ्या जातीचाही एक अंदाज असतो. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला फायलिन वादळ आलं तेव्हा हवामान खात्याने आधी सांगितलं, सरकारने दहा लाखांच्या आसपास माणसं किनाऱ्यावरून हलवली आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. वादळाचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. त्यातला मरणाचा भाग माणसांनी खोटा पाडला. असा अंदाज मी डोळे झाकून ऐकेन.

मावशी: तू मला पटवतेस खरी, पण एक विसरतेस. सगळ्यांनाच काही करता येत नाही. केमोची ती बाई काय करणार? तिला कुणी सांगायला नको, की होईल सगळं नीट?

मी: नीट होईल हे तुला ठाऊक नसताना?

मावशी: नसताना. वॉर्डात आम्ही रोज सांगायचो.

इथे आमचं जमलं नाही, अजूनही जमलेलं नाही. मला वाटतं, आजारी माणसाला खोटं आश्वासन दिलं तर त्याचा उरलेला वेळ आपण त्याच्याकडून काढून घेतो. कुणाशी बोलायचं राहिलंय, कुठली सही करायची राहिलीय, हे त्याला ठरवू दिलं पाहिजे. मावशी म्हणते, तू कुणाच्या उशाशी रात्र काढलेली नाहीस. ती खरं बोलते आहे. पण म्हणून माझं म्हणणं सुटत नाही.

मग मी तिला नारू या रोगाबद्दल विचारलं. तिच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं नारूच्या पट्ट्यात गेली होती. मला त्यातलं फारसं ठाऊक नव्हतं, कारण ती कधी बोलत नसे.

मावशी: त्यात सांगण्यासारखं काय? पायाला फोड यायचा, आग आग व्हायची. माणूस पाय पाण्यात घालायचा आणि फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारख्या जंताचं तोंड बाहेर यायचं. हातभर लांब, कधी त्याहून जास्त. तो ओढायचा नाही. काडीला गुंडाळायचा, रोज बोट-दोन बोटं. तुटला तर आत सडायचा, पाय मांडीपर्यंत सुजायचा. ऐन पेरणीत माणूस खाटेवर. औषध नाही, लस नाही. आजही नाही. लोक म्हणायचे, हा भोग आहे, आमच्या गावाच्या नशिबी आहे.

मी: आणि तुम्ही काय केलंत?

मावशी: फडकी वाटली. बारवेत बायका पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहून घागर भरायच्या. नारूच्या पायातून अळ्या पाण्यात, पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात, आणि ते पाणी प्यायलं की वर्षाने पुन्हा नारू. म्हणून फडकं दुहेरी करून घागरीच्या तोंडाला बांधायचं आणि पाणी गाळायचं. घरोघर जाऊन दाखवायचं. वावरात जाणाऱ्याच्या तांब्यालाही फडकं. बारवेच्या पायऱ्या बुजवून वर कठडा आणि रहाट. पाण्यात औषध टाकायचं. हातपंप. पायऱ्या बुजवायला लोक तयार नव्हते, देवाची बारव आहे म्हणायचे. सरपंचाच्या आईलाच नारू झाला तेव्हा तयार झाले. दर महिन्याला घर न् घर विचारत फिरायचो, कुणाच्या पायाला फोड आहे का?

मी: भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ चा. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. १९८६ साली जगात वर्षाला पस्तीस लाख माणसांना नारू होत होता. २०२३ साली झाला चौदा जणांना. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांची संस्था या कामात चाळीसेक वर्षं आहे. शेवटचा नारू आपल्याआधी मरावा, अशी इच्छा त्यांनी २०१५ मध्ये बोलून दाखवली होती. ते डिसेंबर २०२४ मध्ये, शंभराव्या वर्षी गेले. नारू अजून पुरता गेलेला नाही. आफ्रिकेत तो आता कुत्र्यांमध्ये सापडतो.

मावशी: कुत्र्यांमध्ये? मग अजून काही वर्षं जातील.

मी: तुला वाईट नाही वाटत?

मावशी: वाईट काय वाटायचं? कुत्री बांधून ठेवायची, त्यांनी खाऊ नये म्हणून मासळीची घाण पुरायची, पाण्यात औषध टाकायचं. काम आहे ते.

मी: बघ, हे तू म्हणतेस! ग्रह बदलले म्हणून नारू गेला नाही. कुणी हात ठेवला म्हणूनही गेला नाही. माणसाला पुढे चांगले दिवस आहेत, असं तू म्हणतेस तेव्हा तुझ्याकडे यापेक्षा मोठा पुरावा कुठला असणार? आणि तू मात्र घटाकडे बोट दाखवतेस.

मावशी: कारण फडकी वाटताना मला कुठे ठाऊक होतं की नारू जाईल? कुणालाच नव्हतं. तेव्हा सकाळी उठून कशाच्या जोरावर निघायचे मी? संध्याकाळी देवापुढे पसायदान म्हणायचे, त्याच्या. ज्ञानोबांनी ज्ञानेश्वरी संपवताना सगळ्या जगासाठी मागितलं, सातशे वर्षं होऊन गेली. त्यात अमुक साली अमुक होईल असं काही नाही. मागणं आहे ते. मागायला पुढचं माहीत असावं लागत नाही.

मी: मग आपण एकाच बाजूला आलो की.

मावशी: नाही आलो. आता तुझ्याकडे वळते. इतका वेळ तू मला तपासलंस. तू गेल्या वर्षी घरी आलीस तेव्हा काय म्हणालीस? आता काही खरं नाही, उष्णता वाढतच जाणार, पाणी संपणार, तुमच्या नातवंडांना हे गाव राहायला उरणार नाही. ते काय होतं?

मी: ते भाकीत नाही. त्याला आकडे आहेत. भूजलाचे, तापमानाचे.

मावशी: आकडे त्या पॅडॉकांकडेही होते. आकड्यांना अट असते ना? असंच चालत राहिलं तर. तू ती अट गाळून सांगितलंस. आणि सांगून झाल्यावर काय केलंस? झोपलीस दुपारी. शेजारची पोरगी ऐकत बसली होती, बारावीची. ती मला संध्याकाळी विचारत होती, मावशी, मग शिकून काय करायचं?

मी: मी जे वाचते ते लपवून ठेवू का?

मावशी: लपवू नको. ओझोनचं तूच सांगितलं होतंस मला. १९८५ ला छिद्र कळलं, १९८७ ला मॉन्ट्रियलला करार झाला, सगळ्या देशांनी ओझोन खाणारे ते वायू बंद केले आणि आता ते भरत चाललंय.

मी: अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० सारखं होईल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. पण तो एक वायूंचा गट होता, मावशी. कोळसा, पेट्रोल, सिमेंट म्हणजे सगळा संसारच. ते इतकं सोपं नाही.

मावशी: सोपं आहे असं मी म्हणत नाही. नारूही सोपा नव्हता. मी एवढंच म्हणते, पुढच्या आखाजीला तू माझ्याबरोबर भेंडवळला ये. घटाचं भाकीत वहीत लिहून घे, दिवाळीला ताडून बघ, खोटं निघालं तर चारचौघांत सांग. मी अडवणार नाही. पण त्याच वहीच्या समोरच्या पानावर तुझंही लिही.

मी: माझं काय लिहू?

मावशी: तेच, जे त्या पोरीपुढे बोललीस ते. आणि ‘सगळं बिघडणार’ असं मोघम नको, तसं घटवालेही लिहीत नाहीत. कुठल्या तालुक्यात, विहिरीचं पाणी किती हात खाली जाणार, कुठल्या सालापर्यंत, ते आकड्यात लिही. त्याच्याखाली जागा सोड.

मी: जागा कशाला?

मावशी: ते खोटं पाडायला कोण काय करणार ते लिहायला. पहिलं नाव तुझं घाल, दुसरं माझं.

मी वही काढली. तालुका कुठला धरायचा यावरून पुन्हा वाद झाला. ती म्हणाली खामगाव, मी म्हणाले जळगाव जामोद, कारण भेंडवळ तिथेच आहे आणि घटाचं नि माझं भाकीत एकाच पावसावर ताडता येईल. ते तिला पटलं. आता तिथल्या विहिरींच्या पातळीच्या जुन्या नोंदी मिळवायच्या आहेत.